तीन आठवड्यांची कातडी

नाना बोरसे गेल्याचा निरोप मला भाजीबाजारात मिळाला. धरणगावात आमच्या शाळेत फोन नाही, त्यामुळे नानांच्या मुलानं, सुरेशनं, साक्रीहून आमच्या ओळखीच्या एका कापूस-व्यापारी शेठजींच्या पेढीवर फोन केला होता. शेठजी नोकराला न पाठवता स्वतःच मला शोधत आले. त्यांना असं धापा टाकत येताना पाहिलं तेव्हाच मला काहीतरी कळलं असावं, कारण मी हातातली मेथीची जुडी परत ढिगावर ठेवून दिली. "गुरुजी, तुमचे ते सायन्सवाले मास्तर..." एवढंच ते बोलले आणि पुढचं त्यांनी हातानं सांगितलं. नाना सकाळी आंघोळ करून देवळाच्या पायरीवर बसले होते आणि बसल्या बसल्याच गेले. वय अवघं बावन्न. मी तसाच स्टॅंडवर गेलो. धुळ्याला गाडी बदलून साक्रीला पोचेपर्यंत नानांना माझ्यासाठी ठेवून घेतलं होतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. मी भाषेचा शिक्षक आहे, मराठी आणि संस्कृत शिकवतो; दोन पानं खरडायला मला वेळ लागत नाही. पण हा लेख चार वेळा लिहून फाडला, कारण यात आठवणींबरोबर एक कबुलीही द्यायची आहे. आमच्या गावात, जामनेरला माझ्या सासुरवाडीत आणि साऱ्या गणगोतात गेली पंधरा वर्षं असा समज आहे की माझी मुलगी भाजली तेव्हा तिचा हात वाचावा म्हणून मी माझ्या मांडीची कातडी काढून दिली. मी ती दिलेली नाही. ती नानांनी दिली. हे मी नाना असताना सांगायला हवं होतं.

नाना आमच्या शाळेत आले ते साक्रीच्याही पलीकडच्या डोंगरातल्या एका खेड्यातून. घरात शिकलेला पहिला माणूस. धुळ्याच्या कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेतली होती, पण बोलणं अहिराणी ते अहिराणीच. वर्गात शुद्ध बोलायचे. रंगात आले की शुद्ध भाषा कोटासारखी काढून ठेवायचे. आमची दोस्ती झाली ती भांडणातून. त्या सुमारास विज्ञानाची पुस्तकं मराठीतून येऊ लागली होती आणि त्यांतले नवे शब्द वाचून आमच्या शिक्षकांच्या खोलीत रोज करमणूक चालायची. नानांनी एक दिवस फळ्यावर 'ऊती' असा शब्द लिहिला आणि दहावीतल्या निम्म्या मुलींनी डोक्याला हात लावले, कारण त्यांना तो उवांचा प्रकार वाटला. मी तर मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणालो, "बोरसे, हा शब्द फणीनं काढून टाका." नाना रागावले नाहीत. म्हणाले, "वाणी, तू वाणी नावाचा मास्तर. शब्द कुठला ते तू शोध, पेशी कुठली ते मी दाखवतो."

मी शोधला. कोश उघडला तर 'वे' या धातूपासून, विणणे या अर्थाचा. आपण मराठीत 'ओतप्रोत' म्हणतो ना, त्यातला ओत आणि प्रोत म्हणजे उभा-आडवा विणलेला. 'ऊती' त्याच घरातली. म्हणजे पेशींचं विणकाम ते ऊती! इतकी वर्षं ओतप्रोत हा शब्द निबंधांतून खोडून काढणारा मी, त्याच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी नानांना सांगितलं तर त्यांनी मला हाताला धरून वर्गात नेलं. टेबलावर कापसाचं एक बोंड होतं. त्यांनी त्यातून एकच तंतू, अगदी एकच, चिमट्यानं ओढून काळ्या कागदावर ठेवला. पेराएवढा लांब असेल. "पेशी दिसत नाही, पेशीला सूक्ष्मदर्शक लागतो, असं सगळी पुस्तकं सांगतात," ते मुलांना म्हणाले. "ही बघा. सरकीच्या सालीवरची ही एक पेशी, लांबत लांबत एवढी झाली. तुम्ही जे वेचता, जिनात ज्याची सरकी काढतात, तुमच्या अंगात जो सदरा आहे, तो बठ्ठा, सगळा, पेशींचा."

कापसाच्या गावात जन्म काढलेला मी, त्या कागदापुढे मुलांमध्ये वाकून उभा राहिलो. आमच्या गावाच्या वेशीवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा मैलभर पांढरं दिसतं... त्यात किती पेशी असतील? नाना पुढे सांगत होते की हा तंतू साखरेच्याच कणांची लांबच लांब साखळी आहे. कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू, बस, तिघंच. उसात ते गोड लागतात आणि कापसात दोऱ्याला गाठ मारता येते, फरक फक्त बांधणीचा. मुलं आपापल्या बाह्या निरखत होती. त्या दिवसापासून मी नानांच्या तासाला, माझा तास नसला की, मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, तुमचं इथं काय काम? मी म्हटलं, शुद्धलेखन तपासतो.

आता ती गोष्ट. थंडीचे दिवस होते. माझी बायको सुशीला दुसऱ्या बाळंतपणासाठी जामनेरला माहेरी गेली होती आणि सहा वर्षांची नलू माझ्याजवळ आणि माझ्या थोरल्या विधवा बहिणीजवळ, अक्काजवळ, राहिली होती. एका शिक्षकाच्या शेतात भरिताचा बेत ठरला. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी भाजायची, हे आमच्याकडे दरवर्षीचं. पऱ्हाटी पेटली की झरझर पेटते. मी एका झाडाखाली सहामाहीचे पेपर घेऊन बसलो होतो, पोरीकडे लक्ष ठेव असं मला अक्कानं चारदा बजावलं होतं, आणि मी एका मुलाच्या निबंधाला हसत होतो. ओरडा ऐकून मान वर केली तेव्हा नलूचा फ्रॉक पेटलेला होता आणि ती पळत होती. सुती फ्रॉक. नानांनी अंगाखालची सतरंजी ओढली, तिला त्यात गुंडाळून जमिनीवर लोळवलं आणि विहिरीच्या पाटात नेऊन ठेवलं. मी काय केलं ते सांगतो. भाजल्यावर शाई लावतात असं लहानपणी ऐकलं होतं. मी पेपर तपासायची दौत उचलली आणि तिच्या हातावर ओतली. नाना जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. पुढे दोन दिवस धुळ्याच्या दवाखान्यात सर्जननं त्या जखमेतून माझी निळी शाई धुऊन काढली.

डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत आणि डावी कूस. जीव वाचेल, पण हातावर कातडी लवकर आली नाही तर जखम चिघळेल, नाही चिघळली तरी आकसून हात कोपरात कायमचा मुडपेल, असं सर्जन म्हणाले. आणि कातडी येण्याची लक्षणं नव्हती. नलू वाळून काडी झाली होती. एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या मांडीची कातडी काढून हातावर लावायला हवी, पण आत्ता तेवढं सोसायची तिच्यात ताकद नाही. तोवर दुसऱ्या कुणाची तरी पातळ कातडी घालून जखम झाकू. ती थोडे दिवस धरेल, तेवढ्यात पोर अंग धरेल. मोठं काही नाही, वडील आहातच, उद्या सकाळी उपाशीपोटी या.

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून बाहेर पडलो तो थेट पांझरा नदीच्या काठी जाऊन बसलो. सुरीची भीती मला लहानपणापासून आहे, न्हाव्याच्या वस्तऱ्याखालीसुद्धा माझे डोळे मिटतात. पण ती भीती आणि ही भीती एक नव्हे, हे तेव्हाही मला कळत होतं. उठतो, आत्ता उठतो, असं म्हणत मी तिथं धुणं धुणाऱ्या बायकांकडे बघत बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं. परत गेलो तेव्हा नलूला खोलीत आणलेलं होतं आणि शेजारच्या खोलीत नाना खाटेवर पडलेले होते, पांढरेफटक, मांडीला जाड पट्टी. सुट्टी टाकून ते सकाळच्या गाडीनं आम्हाला भेटायला आले होते, मी कुठंच सापडत नाही हे कळल्यावर त्यांनी पायजमा वर केला होता. अक्का तेवढ्यात ओळखीच्या घरून दूध घेऊन आली. झालं का, कुणाची घेतली, तिनं दारातूनच विचारलं. मी खाली बघत होतो. नानांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाले, "बापनीच शे, अक्का." रक्त पाहून आपल्याला भोवळ आली म्हणून पडलोय, असंही त्यांनी वर जोडलं.

अक्कानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाहेर गेल्यावर नाना छताकडे बघत हळूच बोलले, "वाणी, आते आठ दिन लंगडनं पडई तुले."

मी आठ दिवस लंगडलो. हे वाचून हसू आलं तर हसा. मलाही तेव्हा मध्येच हसू यायचं आणि मग रडू यायचं. कोणता पाय ते मी विसरायचो. नाना पलीकडून जाताना पुटपुटायचे, "डावा, वाणी, डावा." आणि ज्यांची मांडी खरोखर सोललेली होती ते नाना अक्कासमोरून ताठ चालत जायचे. पट्टी जखमेला चिकटत असणार. एकदाच मी त्यांना जिन्याच्या कठड्याला धरून उभं राहिलेलं पाहिलं, आणि मी दिसताच त्यांनी खिशात काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

पण हे दिवस निव्वळ लाजेचे नव्हते. माझ्या उभ्या आयुष्यात मी जे सर्वांत मोठं पाहिलं ते याच दिवसांत पाहिलं. चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा नलूच्या हातावरची ती परकी कातडी गुलाबी झालेली होती. नानांनी बोटानं हलकेच दाबून दाखवलं. दाबलं की पांढरं, सोडलं की पुन्हा गुलाबी. तिच्या रक्ताच्या बारीक नळ्या खालून वर चढून नानांच्या कातडीतल्या नळ्यांना जाऊन मिळाल्या होत्या. माझ्या पोरीचं रक्त नानांच्या कातडीतून फिरत होतं आणि बाहेर लोक मुळा-भाजी विकत होते! मी विचारलं, नळीला नळीचं तोंड कसं सापडलं? नाना म्हणाले की ते सांगणारं पुस्तक अजून त्यांनी वाचलेलं नाही.

नलूला ताकद यायला हवी होती. नव्या कातडीला प्रथिनं लागतात, नुसत्या दुधानं भागणार नाही, अंडी द्या, असं सर्जन म्हणाले आणि आमच्या घरावर संकट कोसळलं. अक्का म्हणजे कांदा-लसूणसुद्धा वर्षाचे चार महिने उंबऱ्याबाहेर ठेवणारी बाई. ती ताडकन नाही म्हणाली. नानांनी वाद घातला नाही. तिच्याशी गप्पा मारत बसले, बोलता बोलता कापसाच्या तंतूची गोष्ट सांगितली, मग म्हणाले की अंड्यातला पिवळा बलकही तसाच, एकच पेशी, फक्त पोटात शिधा भरून घेतलेली. मग अक्कानं जो न्याय काढला तो आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नसता. कापूस पेशी, देवापुढच्या वाती कापसाच्या, म्हणजे देवाला पेशी चालते. अंडं पण पेशी. मग लेकराला का चालू नये? नाना गडबडले. अक्का, तसं नाही, कापूस झाडाचा आणि हे कोंबडीचं, असं प्रामाणिकपणे सांगायला लागले, तर मी त्यांचा पाय दाबला. चुकून सोललेलाच पाय दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते गप्प बसले. त्या दिवसापासून अक्का दुधात अंडं फेटून स्वतःच्या हातानं नलूला पाजू लागली, आणि फेटण्याआधी भांड्याला नमस्कार करायची.

तिसरा आठवडा संपत आला तशी हातावरची कातडी काळवंडायला लागली. कडा सुटल्या. मी हादरलो. आता हातही गेला आणि नानांचं देणंही वाया गेलं असं मला वाटलं. नाना मात्र याचीच वाट पाहत असल्यासारखे होते. मला समजावं म्हणून त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. प्रथिनं म्हणजे शब्द, म्हणाले. मूळ अक्षरं वीसच, पण ती कशी जुळवायची हे ज्याचं त्याचं शरीर ठरवतं. नलूच्या अंगानं इतके दिवस ही कातडी वाचली आणि त्याला कळलं की हे अक्षर आपलं नाही. तू परक्या मुलाची कॉपी ओळखतोस तसं. सहा वर्षांची पोर, तिला अजून जोडाक्षरं लिहिता येत नव्हती, आणि तिचं शरीर एवढं वाचत होतं. मी म्हटलं, बापाची असती तर? नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझी असती तरी पडलीच असती, वाणी. तिच्या अंगाला बाप कळत नाही. फक्त आपलं काय ते कळतं."

तेव्हा मला वाटलं होतं की हे ते माझं मन हलकं करायला म्हणताहेत. नंतर मी सर्जनना विचारलं. ते खरंच होतं.

कातडी गळाली, पण तोवर नलूच्या अंगात धुगधुगी आली होती. मग तिच्या मांडीची कातडी काढून पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे हातावर लावले, मध्ये जागा सोडून सोडून. नाना दर रविवारी धरणगावहून यायचे. त्यांनी भूगोलाच्या शिक्षकांकडून नकाशे गिरवायचा पातळ कागद आणला होता. पट्टी सोडली की उकळून घेतलेल्या काचेच्या पट्टीवरून ते प्रत्येक तुकड्याची कड पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे. एका रविवारचा कागद दुसऱ्या रविवारच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला, की तुकडे वाढलेले दिसायचे. चहूबाजूंनी एक बारीक मोतिया कड पुढे सरकत होती, तांदळाच्या दाण्याच्या रुंदीनं, दोन दाण्यांच्या रुंदीनं. मधल्या उघड्या मांसावर त्या पेशी चालत निघाल्या होत्या. आणि दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना भेटल्या, की त्या तिथंच थांबल्या. एकमेकींवर चढल्या नाहीत, ढीग झाला नाही. भेटल्या आणि थांबल्या. चौथा कागद धरला तेव्हा आठ बेटांचे दोन मुलूख झालेले होते. मी संध्या करणारा माणूस नाही, पण तो कागद उजेडात धरून मी हात जोडले. अक्का आमच्या मागून बघत होती. नानांनी तिला ऊती म्हणजे काय ते सांगितलं, माझा विणकामाचा शोधही सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ईनस कोन?"

विणतो कोण? ज्या माणसाला कधी उत्तराला अडताना पाहिलं नव्हतं, तो माणूस कागद खाली ठेवून म्हणाला, "तेच ते मालेबी माहीत नही, अक्का." आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी पुढे त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नाही.

नलूचा हात सरळ राहिला. सुशीला दीड महिन्याचं बाळ घेऊन परत आली तेव्हा अक्कानं तिला सगळं सांगितलं होतं. तिनं नलूचा हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. पुढे जामनेरला सासऱ्यांनी माझा शेला देऊन सत्कार केला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी दोनदा नानांना म्हणालोही की आता मी सांगून टाकतो. नाना हसण्यावारी न्यायचे. अरे, तुझी काय आणि माझी काय, दोन्ही पडणारच होती, भांडण कसलं करतोस? दुसऱ्या वेळी मात्र ते क्षणभर थांबले होते. जणू मी पुढे काय करतो ते बघत होते. मी विषय बदलला. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही. नानांची साक्रीकडे बदली झाली, ते हेडमास्तर झाले. पत्रं यायची, वर्षातून दोनदा भेट व्हायची. नलूनं जळगावच्या कॉलेजात विज्ञान घेतलं ते नानांच्या सांगण्यावरून. ती मला भाऊ म्हणते; भाऊंनी कातडी दिली ही गोष्ट ती मैत्रिणींना अभिमानानं सांगायची. माझ्यासमोरसुद्धा.

साक्रीला पोचलो तेव्हा अंगणात पाट मांडलेला होता. शेवटच्या आंघोळीला मी हात लावावा असं नानांच्या पत्नीनं, वहिनींनी, सांगितलं होतं. सुरेशनं धोतर बाजूला केलं, आणि डाव्या मांडीवर मला त्या दिसल्या. फिक्या, गुळगुळीत, केस नसलेल्या तीन लांबट चौकटी, एकीशेजारी एक. मी त्या कधीच पाहिल्या नव्हत्या. सुरेशच्या मामांनी विचारलं, या कशाच्या? सुरेश म्हणाला, "शाळेच्या लॅबमध्ये स्पिरिट सांडून भाजलं होतं त्यांना, मी लहान असताना." म्हणजे घरीही... वहिनींनासुद्धा त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं. तांब्या माझ्या हातात होता. आठ-दहा माणसं होती. माझे ओठ हलले, आणि शपथेवर सांगतो, आवाज आला नाही. मी त्या चौकटींवर पाणी घातलं, हातानं पुसून घेतलं, आणि पुन्हा एकदा खाली बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. बातमी कळून नलू जळगावहून आली होती. सकाळची वेळ; ती स्वयंपाकघरात बसून डाव्या हाताला खोबरेल लावत होती. लावलेल्या कातडीत स्वतःचं तेल नसतं, म्हणून रोज सकाळी हे जन्मभर करायचं असं नानांनी तिला सांगून ठेवलं आहे आणि ती ते एक दिवसही चुकवत नाही. मी पाटावर बसलो आणि पांझरेच्या काठापासून सगळं सांगितलं. न थांबता. लंगडल्याचंही सांगितलं. नलूचा हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला. सुशीला डाळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "जामनेरहून आले त्याच महिन्यात कळलं. बायकोला नवऱ्याच्या मांडीवर खूण आहे की नाही ते कळत नसतं का?"

पंधरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दर दिवाळीला फराळाचा पहिला डबा साक्रीला का जातो, हेही मी कधी विचारलं नव्हतं. मी कसाबसा म्हणालो, मग बोलली का नाहीस?

"तुम्ही बोलाल म्हणून," ती म्हणाली. "नानाभाऊ असताना." मग डाळीतला एक खडा बाजूला काढून तिनं विचारलं, "आणि आज सांगताय ते आम्हाला. वहिनींना? गावाला?"

वहिनींना आणि सुरेशला मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. गावासाठी हा लेख. याहून जास्त माझ्या हातात काही उरलेलं नाही.

नलू त्या दिवशी मला एक शब्द टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. "भाऊ, कुठं होती ती? दाखवा."

अक्काही आता नाही; हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे. मी बोट ठेवलं. कोपराच्या वरून इथपर्यंत, आणि आतल्या बाजूनं थोडी खाली. तिनं त्या जागेवरून हळूहळू तेलाचा हात फिरवला. तिथं नानांचं काही नाही. एखादी पेशीसुद्धा नाही. तिच्या अंगानं तिसऱ्याच आठवड्यात सगळं ओळखून बाजूला काढलं होतं. तिथली कातडी सारी तिची आहे. मी तरी बोट तिथून लवकर उचललं नाही.